हिंडत्या-फिरत्यांचा परवाना

धरणाच्या बागेत सहलीची गाडी नव्हती.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले होते. पिशवीत आमरसाचा डबा, छोटा चमचा आणि आईच्या गळ्याखाली बांधायचं फडकं. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, सकाळपासून म्हाताऱ्या माणसांची एखादी गाडी आली होती का. तो म्हणाला, एका क्लासची मुलं येऊन गेली, बाकी चिटपाखरू नाही. आणि मे महिन्याच्या उन्हात म्हातारी माणसं इथं कोण आणेल, असंही वर म्हणाला.

मला तेव्हाही काही वाटलं नाही. वाटेत गाडी बंद पडली असेल, नाहीतर ऊन बघून सहलच पुढे ढकलली असेल. वृद्धाश्रम चालवणाऱ्या टिळेकर मॅडमना तीनदा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मग रिक्षा केली आणि सरळ मखमलाबाद रस्त्याला ‘सांजगारवा’वर गेले.

आई तिथं येऊन सात महिने झाले होते. इंदुमती खैरनार, वय एकोणऐंशी. सटाणा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये छत्तीस वर्षं शिकवलेली बाई. अर्धांगाच्या झटक्यात तिची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण शब्द शाबूत राहिले. एकेक शब्द ओढून आणल्यासारखा यायचा आणि नेमका यायचा. मी एकटी, विम्याच्या कार्यालयात नोकरी, भाड्याच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, न्हाणीघराचं दार इतकं अरुंद की चाकाची खुर्ची आत जायची नाही. पाच ठिकाणी विचारून आले. पाचही ठिकाणी एकच प्रश्न: चालता येतं का? अंथरुणावरचं माणूस म्हटलं की वही मिटायची. सहाव्या ठिकाणी टिळेकर मॅडमनी वही मिटली नाही. त्या म्हणाल्या, “आणा.” त्या एका शब्दासाठी मी त्यांना पुढे कितीतरी गोष्टी माफ केल्या.

सहलीचं त्यांनी आदल्या रविवारी सांगितलं होतं. अंथरुणावरच्या मंडळींना कधी बाहेरचं जग दिसत नाही, म्हणून खास त्यांच्यासाठी गाडी केली आहे, धरणावर नेऊन आणू, सोबत नर्स असेल. संमतीपत्रावर लिहिलं होतं की प्रवासात प्रकृतीला काही झाल्यास जबाबदारी नातेवाइकांची. मला वाचून सही करायची सवय आहे. मी वाचलं, आणि सही केली. आईला पाणी दिसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. नुसतं माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं, आनंद झाला असेल.

‘सांजगारवा’च्या फाटकात रांगोळी होती. आत सरकारी पाटी लावलेली जीप. अंगणात मांडवाच्या सावलीला खुर्च्या मांडून आजी-आजोबा बसलेले, कपडे परीटघडीचे, प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी. नेहमी उघड्या अंगानं बसणाऱ्या एका आजोबांनी टोपीसुद्धा घातली होती. मी त्यांच्यामागून आईच्या खोलीकडे गेले.

त्या खोलीत तीन पलंग होते. आता दोन होते. आईच्या पलंगाच्या जागी कुंडी ठेवली होती. भिंतीवर पलंगाच्या कडेची घासलेली रेघ तेवढी उरली होती. कपाटावर चिकटवलेली तिच्या नावाची पट्टी खरवडून काढली होती, डिंकाचा डाग अजून ओला होता.

ओसरीत चंद्रकला भेटली, चहाचे कप घेऊन चाललेली. आईला आंघोळ घालायची, भरवायची ती हीच. मला बघून तिनं कप कट्ट्यावर ठेवले. आज कशाला आलात, असं ती पुटपुटली. आई कुठं आहे, हे मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तिनं अंगणाकडे एकदा पाहिलं आणि ओठ न हलवता बोलली.

“मागं. द्राक्षाच्या शेडमागं. माझं नाव नका घेऊ, ताई.”

द्राक्षं भरायची ती शेड हंगाम संपला की बंद असते. तिच्या पलीकडे बाभळीखाली एक टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती, पडदे ओढलेली. ड्रायव्हर सतरंजी टाकून झाडाखाली पडला होता. दार मी स्वतःच सरकवलं.

वास आधी आला. मग डोळे सरावले, तशी माणसं दिसायला लागली. नऊ जण. सकाळी आठपासून. मी पोचले तेव्हा पावणेएक वाजला होता. इंजिन बंद, म्हणून पंखा बंद. पुढच्या सीटवरची नर्स म्हणजे नवीन लागलेली एक मुलगी होती, ती वर्तमानपत्रानं आळीपाळीनं एकेकाला वारा घालत होती आणि रडत होती. एका आजोबांची मान खिडकीवर पडली होती. कुणीतरी सारखं “पोचलो का, पोचलो का” विचारत होतं.

आई तिसऱ्या रांगेत होती. पट्टा लावला होता, तरी ती खाली घसरत असावी, म्हणून छातीभोवती ओढणी घेऊन पाठीमागे गाठ मारली होती. पातळ ओलं झालेलं. ओठ सुकून पांढरे. मी गाठ सोडायला लागले, ती सुटेना. बाटलीतलं पाणी चमच्यानं तिच्या तोंडात घातलं. चार-पाच चमचे गेल्यावर ती बोलली.

“तपासणी आहे ना?”

तुला कुणी सांगितलं, मी विचारलं.

“कोण सांगणार. तीन दिवस झाडतायत.”

मी तिला म्हटलं, बोलू नकोस, मी आधी गाडी आत घ्यायला लावते. तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

“आम्हीही करायचो.”

“काय?”

“साहेब यायचे तालुक्याहून. आदल्या दिवशी मी चार पोरांना सांगायचे, उद्या येऊ नका. ज्यांना वाचता यायचं नाही त्यांना.” ती थांबली. तोंडातली लाळ मी पुसली. “वर्गाचा शेरा चांगला यायचा. छत्तीस वर्षं. एकदाही विचारलं नाही, दिवसभर कुठं बसता म्हणून.”

पुढच्या सीटवरची मुलगी वर्तमानपत्र मांडीवर ठेवून ऐकत होती.

“जा वैजू,” ती म्हणाली. “त्या माणसाला सांग. यादीत माझं नाव घाल म्हणावं.”

ड्रायव्हरला उठवलं. गाडी आत घे म्हटलं. तो म्हणाला, मॅडमचा फोन आल्याशिवाय त्याला चाक हलवता येत नाही.

पाहणी अधिकारी उगले कार्यालयात बसले होते. बारीक अंगाचे, चष्म्याला दोरी, पुढ्यात उपम्याची बशी. टेबलावर शाल आणि नारळ. मी घाईनं आत गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. अपेक्षा होती की ते दचकतील. ते दचकले नाहीत. मला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आईचं नाव विचारलं, आणि समोरची यादी वरून खाली बोट फिरवत वाचली. चोवीस नावं. मग यादी माझ्याकडे फिरवून ठेवली. इंदुमती खैरनार नावाची कुणी व्यक्ती या निवासात राहत नाही, असं ते म्हणाले. आवाज इतका सौम्य होता, की चूक माझीच असावी असं क्षणभर वाटलं.

सात महिन्यांच्या पावत्या माझ्याकडे आहेत, असं मी सांगितलं. त्या मी दर महिन्याला जपून घरी ठेवत असे. टिळेकर मॅडमनी शांतपणे समजावलं, की त्या पावत्या ‘घरपोच शुश्रूषा सेवे’च्या आहेत, निवासाच्या नाहीत. मी नीट वाचलं नसेल. मी वाचलं होतं. वर छापलेलं नाव वेगळं आहे, हे मला दिसलं होतं, आणि संस्थेची दुसरी शाखा असेल असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग मला परवाना समजला. ‘सांजगारवा’ला परवानगी होती ती स्वतःची कामं स्वतः करणाऱ्या, हिंडत्या-फिरत्या चोवीस ज्येष्ठांची. अंथरुणावरच्या माणसांसाठी वेगळी नोंदणी लागते, डॉक्टर लागतो, दिवसरात्र प्रशिक्षित नर्स लागते. ते काही इथं नव्हतं. म्हणून पाहणीच्या दिवशी अंथरुणावरची माणसंही इथं नव्हती. पाहणी कधी होणार हे आठ दिवस आधी पत्रानं कळवलं जात होतं. तशी पद्धतच आहे, उगले म्हणाले, कागदपत्रं तयार ठेवायला वेळ मिळावा म्हणून.

“साहेब, तुम्ही फक्त उठून शेडमागे चला. शंभर पावलंसुद्धा नाहीत.”

“ताई, परवाना या इमारतीचा आहे. शेडमागं कुणाची गाडी उभी आहे, ते बघायला मला पाठवलेलं नाही.”

“त्या गाडीत माणसं आहेत.”

टिळेकर मॅडम इतका वेळ उभ्या होत्या. त्या आता माझ्यासमोर येऊन बसल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. थकलेल्या दिसत होत्या.

“वैजयंतीताई, आईंना माझ्या दारात आणलंत तेव्हा तुम्ही परवाना मागितला होता का? पाच ठिकाणी नाही ऐकून आला होतात. मी हो म्हटलं. ती माझी चूक झाली का?”

उगल्यांनी बशी बाजूला सारली, रुमालानं बोटं पुसली आणि ते उठून उभे राहिले.

“चला, येतो मी. पण एक समजून घ्या. मला दिसलं की मला लिहावं लागतं. लिहिलं की संध्याकाळच्या आत ही नऊ माणसं इथून हलवायची. सरकारकडे त्यांच्यासाठी जागा नाही, हे मी तुम्हाला खरं सांगतो. बाकीच्या आठांचं राहू द्या. तुमच्या आईला तुम्ही आज घरी नेता का? नेत असाल तर आत्ता चला.”

ते दाराशी जाऊन थांबले. खरंच थांबले. मी त्यांना कितीही नावं ठेवली तरी हे मला कबूल करायला हवं की तेवढा वेळ तो माणूस दारात उभा होता.

मला माझ्या घरचा जिना दिसला. एकेचाळीस पायऱ्या. खुर्चीत बसवून वर न्यायला चार माणसं लागली असती. न्हाणीघराचं दार दिसलं. सकाळी साडेनऊला मी कुलूप लावून निघणार आणि सात वाजता परत येणार, मधल्या वेळातली आई दिसली. कुणाला विचारावं, कुणाकडे चार दिवस ठेवावं, असं एकही घर आठवेना. शेडमागं गाडीत ती तेव्हाही बसलेली होती.

मी काही बोलले नाही. उगले परत येऊन खुर्चीत बसले.

मग ते म्हणाले, की नातेवाइकांच्या अभिप्रायाच्या वहीत एक सही हवी आहे, मजकूर लिहिला नाही तरी चालेल. मॅडमनी वही उघडून दिली. पान कोरं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोऱ्या पानावर सही केली.

जीप गेली तेव्हा सव्वादोन झाले होते. पाच मिनिटांत गाडी अंगणात आली. चंद्रकलानं आणि मी आईला उतरवलं. कुंडी उचलून बाहेर ठेवली, पलंग परत आणला, त्याची कड भिंतीवरच्या त्याच रेघेवर बसली. अंग पुसलं, कोरडं पातळ नेसवलं. पाठीवर लाल चट्टे उठले होते, त्यांना मलम लावलं. रस आंबला होता, तो मोरीत ओतला. हे सगळं होईपर्यंत आई डोळे मिटून होती. मग तिनं डोळे उघडले.

“घातलं?”

“घातलं,” मी म्हणाले.

तिनं माझ्या हातावर दोनदा थोपटलं. उत्तर बरोबर आलेल्या मुलाची पाठ थोपटावी तसं.

त्यानंतर मी जागा शोधत होते, असं मी पुष्कळ दिवस लोकांना सांगत आले. शोधत होते हे खरं आहे. जूनभर शोधली. अंथरुणावरच्या माणसांची रीतसर नोंदणी असलेलं एकच ठिकाण शहरात सापडलं, तिथं नावनोंदणी करून दीड वर्षानं खाट मिळणार होती. नाव नोंदवलं. मग पाऊस लागला, कार्यालयात कामं वाढली, आईच्या पाठीचे चट्टे बरे झाले. दर रविवारी मी जात होते आणि टिळेकर मॅडम मला पूर्वीसारखाच चहा देत होत्या.

नोव्हेंबरच्या शेवटी एका बुधवारी कार्यालयात असताना फोनवर संदेश आला. उद्या सहल. संमती पूर्वीचीच ग्राह्य धरली आहे. मी तो दोनदा वाचला. थंडीचे दिवस आहेत, ऊन नसेल, एवढा विचार मी केला. आणि ‘ठीक आहे’ असं उत्तर पाठवलं.

त्या वेळी साहेब लवकर येणार होते. गाडी सकाळी सहाला शेडमागं नेली. नाशिकची थंडी. आईच्या छातीत कफ झाला आणि चौथ्या दिवशी, रविवारी, मी पोचायच्या आधी ती गेली.

आईचे दिवस झाल्यावर मी तक्रार केली. उशिरा का होईना, नीट केली: तारखा, वेळा, पावत्यांच्या प्रती, शेडचा नकाशा. चार महिन्यांनी जिल्हा कार्यालयाचं उत्तर आलं. सदर नावाच्या व्यक्तीची नोंद निवासात आढळून येत नाही. सोबत मे महिन्यातल्या पाहणी अहवालाची प्रत जोडली होती. रहिवासी चोवीस, सर्व उपस्थित. स्वच्छता उत्तम. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की रहिवाशांच्या नातेवाइकांशी समक्ष चर्चा केली असता त्यांनी पूर्ण समाधान व्यक्त केले. खाली पुरावा म्हणून वहीचं ते पान. आता ते कोरं नव्हतं. सुंदर वळणदार अक्षरात दहा ओळी होत्या आणि त्यांच्याखाली माझी सही.

राग कुणाचा करायचा, हे ठरवायलाच मला आणखी वर्ष लागलं. आठ दिवस आधी पत्र पाठवून पाहणी करणाऱ्या कार्यालयाचा, की ज्यांना चालता येतं त्यांचीच मोजदाद करणाऱ्या कायद्याचा? दारात उभं राहून मला बरोबर तोच एक प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा? सगळ्यांचा केला. तो अजून आहे. पण वरिष्ठांकडे अपील करायचं तर साक्षीदार हवा होता, आणि साक्षीदार एकच होती.

चंद्रकलानं ती नोकरी सोडली होती. म्हसरूळच्या पुढे तिच्या भावाच्या घरी ती सापडली. पडवीत बसून शेंगा फोडत होती. मी का आले ते सांगितलं. या वेळी नाव घालायला लागेल, असंही सांगितलं. ती म्हणाली, घाला. मी कागद काढला आणि ती सांगेल तसं लिहायला लागले. मे महिन्याचं झालं. मग नोव्हेंबरचं.

ती सांगत होती, की त्या सकाळी बाकीच्या आठ जणांना गाडीत ठेवलं आणि शेवटी आजींना उचलायला गेले, तर आजी पलंगाचा गज सोडेनात.

“डाव्या हातात काय जोर होता, ताई. दोघींना सुटेना. म्हणाल्या, मी जाणार नाही. माझं नाव आहे यादीत. माझ्या मुलीनं घातलंय, मेमधेच. यादी आणा, मी दाखवते.”

मग काय झालं, असं मी विचारलं असावं.

“मॅडम आधी हसल्या. मग यादी घेऊन आल्या, त्यांच्यापुढं धरली. आजी म्हणाल्या, चष्मा द्या. मी चष्मा लावून दिला. ह्या हाताच्या बोटानं,” चंद्रकलानं डावा हात वर केला, “एकेक नाव वाचलं त्यांनी. मोठ्यानं. चोवीसच्या चोवीस. संपल्यावर परत वरून वाचली.”

“आणि?”

“गज सोडला.”

तिनं मांडीवरच्या शेंगा बाजूला ठेवल्या. आतून कुणीतरी तिला हाक मारली, ती गेली नाही. माझ्या कागदाकडे बघत म्हणाली, “हे नका लिहू हवं तर, ताई. ह्यात त्या साहेबाचं काही येत नाही.”

मी लिहिलं. आधी तिच्या शब्दांत लिहिलं, आणि त्याखाली माझ्या शब्दांत, की ते नाव घातलेलं नव्हतं; त्या दिवशी मी कार्यालयात समोर बसले होते, मला विचारण्यात आलं होतं, आणि मी गप्प राहिले. मग दोघींच्या सह्यांसाठी खाली जागा सोडली. आधी सगळं वाचून दाखवलं, आणि मग तिच्या हातात पेन दिलं.